मुठीत मावणारा फोन

‘मोठाच घ्या हो, सवय होऊन जाते.’

हे वाक्य मी दुकानात बसून इतक्यांदा बोललो आहे की झोपेतही बोलत असेन, असं आमच्या घरी म्हणतात. इंदोऱ्याला रस्त्याच्या कडेला माझं मोबाईल दुरुस्तीचं आणि थोडंफार विक्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काउंटर, एक भिंगाचा दिवा, एक हीटगन आणि मागे मी. आधी याच जागेत रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचो. ते गेले, मोबाईल आले. स्क्रू लहान झाले आणि माझ्या चष्म्याचा नंबर वाढला, एवढाच काय तो फरक. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून दुपारी चारलाच शटर ओढतो. विशेषांकाच्या संपादकांनी ‘धंद्यातले अनुभव लिहा’ म्हटलं तेव्हा मी हसलो होतो. मोबाईलवाल्याचे अनुभव ते काय असणार? फुटला, बसवला. भिजला, वाळवला. पण लिहायला बसलो आणि त्या एका वाक्यापाशीच अडकलो. ते वाक्य खोटं आहे, हे मला एका बाईनं दाखवून दिलं. तोंडातून एक शब्द न काढता दाखवलं. तेच लिहितो.

‘लहान फोन आहे का हो?’ हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतोच. लोकांना वाटतं, म्हातारी माणसंच विचारत असतील. तसं काही नाही. खापरखेड्याचा एक लाइनमन यायचा. त्याचं काम खांबावरचं, आणि साहेबांना फोटो पाठवायचे तेही खांबावरूनच. मी त्याला मोठा फोन दाखवला तर म्हणाला, ‘एक हात खांबाले, एक हात फोन धराले. बटन दाबाले तिसरा हात कुठून आणू गा?’ एक निवृत्त हेडमास्तर होते. बंडीच्या खिशात फोन ठेवायचे आणि वाकले की फोन खाली. दोनदा नळाच्या टाक्यात पडला, एकदा नको तिथे पडला. तिसऱ्या वेळी त्यांनी वाळवायला फोन दिला आणि शेजारी धुतलेली बंडीही ठेवली. ‘पाहून घ्या, खिसा बरोबर आहे. चूक तुमच्या कंपनीची आहे,’ म्हणाले. जशी काही कंपनी माझ्या काकाचीच! एका कॉलेजच्या पोराला लहान फोन हवा होता, कारण मोठ्यावर रील बघण्यात दिवस जातो म्हणे. मी कुठून तरी जुना एक शोधून दिला. आठ दिवसांनी तो डोळे चोळत परत आला. तेच रील तो आता फोन नाकाशी धरून बघत होता.

बाहेरच्या माणसाला यातली मेख कळत नाही, म्हणून सांगतो. गिऱ्हाइकाला फोनमध्ये तीन गोष्टी हव्या असतात. तो लहान हवा, परवडणारा हवा, आणि आजची सगळी अ‍ॅप त्यावर चालायला हवीत. यातल्या कोणत्याही दोन मागा, देतो. लहान आणि स्वस्त पाहिजे तर बटनांचा साधा फोन आहे. लहान आणि चालणारा पाहिजे तर तो इतका महाग की माणूस त्याऐवजी जुनी स्कूटर घेईल. स्वस्त आणि चालणारा पाहिजे तर तो पोळपाटाएवढा. तिन्ही एकत्र मागितले की मी खाली वाकून ड्रॉवरमध्ये काहीतरी शोधल्यासारखं करायचो. वर येईपर्यंत ते वाक्य तयार असायचं.

बुल्डीच्या बाजारातल्या ज्या व्यापाऱ्याकडून मी माल उचलतो, त्याला मी एकदा वैतागून विचारलं, की सेठ, लहान फोन का येत नाहीत? तो चहा पीत होता. ‘भाऊ, छोटा बनाएगा कौन? बड़े स्क्रीन पे आदमी पिच्चर देखता है, दिनभर उसी में घुसा रहता है. छोटे में क्या देखेगा? फोन करेगा और रख देगा!’ मी म्हटलं, फोनचं काम तेच ना? त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मला रेडिओचं दुकान बंद झालं तो दिवस आठवला.

आणि ज्यांच्याकडे जुने लहान फोन आहेत, त्यांचं काय होतं तेही सांगायला हवं. फोन धडधाकट असतो. बॅटरी बदलली की आणखी चार वर्षं चालेल. पण एक दिवस पडद्यावर पाटी येते की हे अ‍ॅप यापुढे या फोनवर चालणार नाही. कारण आतली प्रणाली जुनी झाली. ती नवी करायची सोय कंपनीनं ठेवलेली नसते. म्हणजे फोन मरत नाही, त्याला वाळीत टाकतात. आमच्या लोकांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

रंजना असाच एक वाळीत टाकलेला फोन घेऊन आली. सोबत तिची मुलगी प्रज्ञा होती, तेव्हा तिसरीत असेल. रंजनानं फोन काउंटरवर ठेवला आणि हातांनी भराभर काही सांगितलं. मी मुलीला विचारलं, ‘तुझी आई मुकी आहे का गं?’

‘मुकी नाही आहे, काका,’ ती पोट्टी कमरेवर हात ठेवून म्हणाली. ‘लय बोलते ते. तिले आयकू येत नाही फक्त.’

मी ओशाळलो. रंजनाला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. नवरा खापरखेड्याकडे वसाहतींच्या इमारतींना रंग द्यायला जातो, बांबूंच्या परांचीवर चढून दिवसभर. ती बुटीबोरीच्या एका कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर शिवते. सकाळी कंपनीच्या बसनं जाते, संध्याकाळी येते. मुलीची शाळा माझ्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर. मुलीला ऐकू येतं, बोलता येतं, आणि हातांची भाषा तर ती बोलायला लागण्याआधीच शिकलेली. घरातली दुभाषी तीच.

त्या जुन्या फोनवर व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप बंद पडलं होतं. ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी व्हिडिओ कॉल म्हणजे हौस. रंजनासाठी तेवढाच फोन. मी तपासून सांगितलं की याला आता इलाज नाही, नवा घ्यावा लागेल. तिनं मान हलवली आणि कुर्त्याखालून एक कापडी पिशवी काढली. नाडी लावलेली, दुहेरी शिलाईची, इतकी सुबक की शिंप्यानं बघत राहावं. जुना फोन त्या पिशवीत टाकून ती तो पोटाशी, कमरेला बांधत असे. तिनं माझ्याकडचे सगळे नवे फोन एकेक करून त्या पिशवीत घालून पाहिले. एकही अर्ध्याच्या वर गेला नाही.

‘आई म्हणते, एवढाच पाहिजे,’ प्रज्ञा म्हणाली.

मी खाली वाकलो, ड्रॉवर चाचपला, वर आलो. ‘आईले सांग, एवढा कुठंच भेटत नाही आता. मोठाच घ्या, सवय होऊन जाते.’ वर शहाणपणा केला, ‘आई शिवते ना? मोठी पिशवी शिव म्हणा!’

पोरीनं ते हातांनी सांगितलं. रंजना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं त्यातल्या त्यात लहान होता तो फोन घेतला. तो लहान म्हणजे बाकीच्यांपेक्षा बोटभर कमी, इतकाच.

माझ्या धंद्यात पहिला नियम असा की मशीन उघडण्याआधी विचारायचं. काय झालं, कधी झालं, पडला का, भिजला का, कुणी आधी हात लावला का? हे सगळं विचारल्याशिवाय मी स्क्रू फिरवत नाही. पण त्या दिवशी मी दुरुस्त करत नव्हतो, विकत होतो. फोन पोटाशी का बांधायचा असतो, हा साधा प्रश्न मला सुचला नाही. सुचला असता तर पुढचं टळलं असतं.

दीडेक महिना गेला असेल. एका सकाळी मी शटर वर करतो तर रंजना पायरीवर उभी. एकटीच. कामावर जायच्या वेळेला ही इथे कशी, म्हणून मी घड्याळ पाहिलं. तिनं तो मोठा फोन काउंटरवर ठेवला. माझ्या पावतीपुस्तकाची मागची बाजू ओढून घेतली, पेन उचललं, आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

‘फोन बॅगमध्ये. मुलगी दवाखान्यात. मला कळलं नाही.’

एवढं लिहून ती निघून गेली. फोन तिथेच होता. मी तो घेतला, शटर पुन्हा खाली ओढलं आणि विचारत विचारत सरकारी दवाखान्यातल्या मुलांच्या वॉर्डात पोचलो.

प्रज्ञाला सिकल सेल आहे. आमच्या विदर्भात हा आजार कुणाला नवा नाही, ओळखीत एखादं तरी घर सापडतंच. रक्ताच्या पेशी वाकड्या होतात, अडकतात, आणि अचानक हाडं दुखायला लागतात. कळ उठली की वेळ घालवून चालत नाही. आदल्या दिवशी शाळेत तिला अशीच कळ उठली. मॅडमनी रंजनाला व्हिडिओ कॉल केले, मेसेज केले, पुन्हा कॉल केले. नवऱ्याचा फोन खाली सायकलीच्या पिशवीत आणि तो वर परांचीवर. रंजनाचा फोन बॅगेत आणि बॅग भिंतीच्या खुंटीवर. शेवटी मॅडमच तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन आल्या. रंजनाला कळलं ते जेवणाच्या सुट्टीत, बॅगेतून डबा काढताना. तोवर दोन तासांच्या वर झाले होते.

तेव्हा मला त्या पिशवीचा अर्थ कळला. तुम्हीआम्ही फोन कुठेही ठेवतो, कारण तो वाजतो. रंजनासाठी फोन वाजत नाही, थरथरतो. ती थरथर अंगाला लागली तरच फोन आला. बटनांचा साधा फोनही लहान असतो, थरथरतो, पण त्यावर हातांची भाषा कशी बोलणार? म्हणून लहान, परवडणारा आणि आजचा, हे तिन्ही तिला एकाच फोनमध्ये हवे होते. तिनं माझा सल्ला मानून मोठी पिशवीही शिवली होती. पण दिवसभर मशीनवर वाकून बसायचं, तर तो फोन वाकताना बरगडीत घुसायचा. चार दिवस तिनं सोसलं आणि पाचव्या दिवशी फोन बॅगेत ठेवला.

हे सगळं मला प्रज्ञानं सांगितलं, पलंगावर पडल्या पडल्या. तिच्या उजव्या हाताला सलाईनची सुई होती. ‘आई आली तवा मी एकाच हातानं बोलली,’ ती म्हणाली. ‘अर्धं तिले समजलंच नाही.’ मग म्हणाली, ‘काका, तुम्ही म्हणले होते सवय होते. आईले नाही झाली सवय.’

ती तक्रार करत नव्हती. बातमी सांगावी तसं सांगत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना. मी आणलेली बिस्किटं उशीपाशी ठेवली आणि बाहेर येऊन व्हरांड्यात बसलो. इतक्या वर्षांत माझ्या हातून फोन बिघडले, एकदा तर एका नवरदेवाचे सगळे फोटो उडाले, त्याच्या भावांनी दुकानासमोर तमाशा केला. पण अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

पुढचे तीन आठवडे मी दुसरं काही नीट केलं नाही. आधी सोपा मार्ग पाहिला. मनगटावर बांधायचा थरथरणारा पट्टा मिळतो, तो नेऊन दिला. रंजनानं दोन दिवस वापरून परत आणला. प्रज्ञानं सांगितलं, ‘आईचा हात दिवसभर मशीनीवर थरथरतच राहते ना काका. पट्टा थरथरला का मशीन, तिले कसं समजन?’ गोष्ट बरोबर होती. पोटाला मात्र मशीन लागत नाही. त्या बाईनं सगळा विचार आधीच करून ठेवला होता, मीच उशिरा पोचलो होतो.

मग बुल्डी पालथी घातली. जुन्या फोनवाल्यांच्या टपऱ्यांवर उभा राहिलो. ‘काहून गा भाऊ, नातवाले खेळणं पाहिजे का?’ असं एकानं विचारलंही. तळहाताएवढा एक फोन काही वर्षांपूर्वी निघाला होता, हे मला आठवत होतं. फार विकला गेला नाही, पण त्याची आतली प्रणाली बऱ्यापैकी नवी होती आणि त्यावर ते अ‍ॅप अजून चालत होतं. तो नवा कुठेच नव्हता. माझ्याकडे एक ड्रॉवर आहे, मी त्याला मसणवटा म्हणतो. मेलेले फोन त्यात टाकतो आणि लागेल तसा कुणाचा स्पीकर, कुणाचा कॅमेरा काढून घेतो. त्यात तोच फोन निघाला. पडदा चक्काचूर, पण बोर्ड जिवंत. दुसरा मिळाला कन्हानला. तिथला एक ओळखीचा दुरुस्तीवाला दुकान बंद करून किराणा टाकत होता, त्याच्या खोक्यात. त्याचा पडदा शाबूत होता, बोर्ड पाण्यानं सडलेला. दोन मेलेल्यांचा मिळून एक जिवंत केला. नवी बॅटरी घातली, अ‍ॅप टाकलं, चाललं. फोन रंजनाच्या पिशवीत अलगद बसला. मला वाटलं, जिंकलो.

रंजनानं पिशवी कमरेला बांधली. मी कॉल लावला. ती वाट बघत उभी. मग तिनं माझ्याकडे पाहून नाही म्हणून मान हलवली. थरथर होत होती, पण डास गुणगुणावा इतकी. शांत उभं राहून जी जाणवत नाही, ती कामात काय जाणवणार?

तुम्हाला जुने बटनांचे फोन आठवत असतील. टेबलावर ठेवले आणि वाजले की स्वतःच सरकत सरकत कडेपर्यंत जायचे. त्यांच्या आत चांगली दणकट मोटर असायची. पुढे फोन पातळ करायच्या नादात मोटरही चपटी आणि अशक्त झाली. मसणवट्यात बटनांचे फोन होतेच. एकाची मोटर काढली, विजेचा दाब जुळतो का पाहिलं, केसाएवढ्या दोन तारांनी बोर्डाला जोडली. बसवायला जागा नव्हती, तर आतलं प्लास्टिक कोरलं. तीनदा कोरलं, कारण दोनदा हात हलला. शेवटी बसली, फक्त मागचं झाकण थोडं फुगलं. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या माणसाच्या पोटासारखं. रंजनानं त्या फुगवट्यावरून बोट फिरवलं आणि खळखळून हसली. तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

माझ्या शेजारी एक टेलर बसतो. त्याला म्हटलं, जरा उठ, मशीन दे. रंजना माझ्याकडे पाठ करून मशीनवर बसली आणि जुन्या कापडावर धडधडा शिलाई मारू लागली. कॉल लावायचं काम प्रज्ञानं मागून घेतलं. करार असा की थरथर जाणवली तर आईनं मागे न बघता हात वर करायचा. पहिला कॉल लावला, हात वर. दुसरा, हात वर. मग त्या बदमाश पोरीनं नुसताच फोन कानाला लावल्याचं सोंग केलं आणि श्वास रोखून बसली. मशीन चालूच राहिलं. पुन्हा खरा कॉल, पुन्हा हात वर. असं आम्ही किती वेळा केलं कोण जाणे. टेलरची दोन गिऱ्हाइकं कपडे घ्यायची विसरून बघत उभी होती. मी आयुष्यात हजारो फोन दुरुस्त केले असतील. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता, हे सरळ सांगतो.

त्यानंतर आम्ही तिघं शाळेत गेलो. मॅडमना एक साधी रीत लिहून दिली. साधा कॉल एकदा देऊन तोडला तर मेसेज बघ. लागोपाठ तीनदा दिला तर निघून ये. शाळेच्या वहीत माझाही नंबर लिहिला, कारण मी दोन गल्ल्यांवर आहे.

ऐकू न येणारी माणसं ओळखीच्या माणसाला हाताच्या खुणेनं एक नाव देतात. एकदा नाव दिलं की ते कायमचं. काही दिवसांनी प्रज्ञा शाळेतून येताना थांबली आणि म्हणाली, ‘काका, आईनं तुमचं नाव ठेवलं.’ तिनं पंजा कमरेवर टेकवला आणि बोटं थरथरवली. ‘हे तुम्ही.’

दरवर्षी अशोक विजयादशमीला मी आणि मोहल्ल्यातले दोघं-चौघं दीक्षाभूमीच्या रस्त्यावर एक टेबल लावतो. बाहेरगावाहून आलेल्या माणसांचे फोन फुकट चार्ज करून द्यायचे, हरवलेल्यांची जमेल तशी गाठ घालून द्यायची. त्या वर्षी रंजनाचं कुटुंब आलं होतं. प्रज्ञा हट्टानं माझ्या टेबलापाशी थांबली, तिला चार्जरच्या वायरी सोडवायला आवडतात. आईबाप पुस्तकांच्या दुकानांकडे गेले. गर्दी किती होती ते सांगायला नको. चारी बाजूंनी भोंगे, गाणी, घोषणा. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नव्हतं.

दुपारी प्रज्ञा एकदम गप्प झाली. मी पाहिलं तर मांडी आवळून खुर्चीवर वाकली होती. ओठ पांढरे पडले होते. मी आधी आमच्या टेबलावरच्या पोरांना फोन लावला, जी पाण्याच्या कॅन आणायला गेली होती. कुणी उचलेना. दुसऱ्याला लावला, तोही उचलेना. त्या दिवशी तिथे कुणाचा फोन कुणाला ऐकू येतो? टेबलासमोरच दहाजण कानात बोट घालून ‘हॅलो, हॅलो’ करत उभे होते. मी पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं रंजनाचा नंबर लावला. नेटवर्क नाही. पुन्हा लावला, नाही. चौथ्यांदा लागला. मी तोडला, पुन्हा लावला, तोडला, पुन्हा लावला.

मग मी टेबलावर चढून बघत उभा राहिलो. पुस्तकांच्या दुकानांच्या बाजूनं गर्दीत एक वाट पडत होती. रंजना येत होती. एक हात कमरेवर घट्ट दाबलेला, दुसऱ्या हातानं माणसं बाजूला सारत. नवरा मागे. तिनं मला पाहिलं नाही, सरळ खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली. या वेळी पोरीचे दोन्ही हात मोकळे होते. तिनं भराभर सांगितलं कुठे दुखतंय ते. औषध आईच्या पर्समध्ये होतं. पाणी पाजलं, पांघरूण घातलं, उचलून जवळच्या वैद्यकीय तंबूत नेलं. संध्याकाळपर्यंत पोरीच्या चेहऱ्यावर रंग आला होता. त्या लाखोंच्या गर्दीत ज्या बाईला ऐकू येत नाही, तिच्यापर्यंतच माझा फोन पोचला, हे मी त्या दिवसापासून कितीजणांना सांगितलं असेल.

इथे थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण गेल्या महिन्यात रंजना पुन्हा आली. फोन काढून माझ्यासमोर धरला. पडद्यावर तीच पाटी होती, काही दिवसांनी हे अ‍ॅप या फोनवर बंद होणार. मी ती दोनदा वाचली, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर बदलणार होती. फोनला काहीही झालेलं नाही. मोटर अजून तशीच दणकट आहे. साधा कॉल येईल, पोटाला थरथर लागेल. पण त्यानंतर तिला पोरीचा चेहरा दिसणार नाही आणि पोरीचे हात दिसणार नाहीत.

मी तेव्हापासून शोधतो आहे. बुल्डीतला सेठ आता मला बघूनच ‘नहीं है भाऊ’ म्हणतो. नवे फोन आणखी बोटभर वाढले आहेत. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या कपाटात मुठीत मावणारा, तीनचार वर्षांच्या आतला एखादा फोन पडून असेल, फुटका असेल तरी चालेल, तर भंगारात देऊ नका. माझा हात पूर्वीसारखा स्थिर नाही, पण एक मोटर अजून बसवता येईल. आणि माझ्या दुकानात कुणी लहान फोन मागितला तर मी ते वाक्य आता बोलत नाही. आधी विचारतो, ‘काहून पाहिजे?’

त्या दिवशी रंजनानं पाटी दाखवून झाल्यावर पंजा कमरेवर टेकवून बोटं थरथरवली, म्हणजे मला हाक मारली. मग दोन्ही हात उघडे करून विचारलं, आता काय? मला तिच्या भाषेतल्या पाचसहाच खुणा येतात. त्यातली मी ‘शोधतो’ची केली. तिनं मान हलवली, फोन पिशवीत घातला, पिशवी पोटाशी बांधली आणि बस पकडायला रस्ता ओलांडून गेली.

ती पलीकडच्या फुटपाथवर पोचली तेव्हा मला काय वाटलं कोण जाणे, मी तिचा नंबर लावला. माझ्याकडे पाठ करून ती चालत होती. चालता चालता, मागे न बघता, तिनं हात वर केला.